आग कोणी लावली?

डोंगराला वणवा लागलेला तुम्ही पाहिला असेल. रात्री लांबून पाहिले, तर डोंगराच्या कुशीवर कोणी दिव्यांची माळ लावली आहे असे वाटते. लहान मुले टाळ्या पिटतात. मोठी माणसे म्हणतात, "लागलाय वणवा. गवत जळेल आणि विझेल." बहुतेक वेळा तसेच होते. दोन दिवसांनी डोंगर काळा दिसतो. पाऊस पडला की पुन्हा हिरवा होतो. म्हणून आपल्याला वणव्याची फारशी धास्ती वाटत नाही.

या धड्यात एका फार मोठ्या वणव्याची हकिकत आहे. हा वणवा आपल्या देशातला नाही. तो १९३९ साली ऑस्ट्रेलियात लागला. त्या देशात व्हिक्टोरिया नावाचे एक राज्य आहे. आपल्या महाराष्ट्राचे चार भाग केले, तर त्यांतल्या तीन भागांएवढे ते राज्य. मेलबर्न हे त्याचे मुख्य शहर. हा वणवा ज्या दिवशी सर्वांत भडकला, तो दिवस होता १३ जानेवारी, शुक्रवार. तिकडचे लोक त्या दिवसाला अजून 'काळा शुक्रवार' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, जानेवारीत वणवा? जानेवारीत तर थंडी असते." आपल्याकडे असते. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिणेकडील अर्ध्या भागात आहे. तिकडचे ऋतू आपल्या उलट चालतात. आपल्याकडे संक्रांतीला तीळगूळ वाटतात, तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा असतो. आपला मे महिना तो त्यांचा थंडीचा.

१९३८ साली व्हिक्टोरियात पाऊस फार कमी झाला. हिवाळा कोरडा गेला. पुढचे महिनेही कोरडेच गेले. ओढे आटले. जे ओढे कधी आटत नाहीत असे म्हातारे सांगत, तेही आटले. रानातली जमीन एरवी ओलसर असे. तिथे पायाखाली पाचोळा कुरकुर वाजू लागला. मग जानेवारीत ऊन तापले. १३ तारखेला मेलबर्न शहरात पारा ४५.६ अंशांवर गेला.

विदर्भातली मंडळी हा आकडा वाचून हसतील. म्हणतील, "एवढे तर आमच्याकडे दर वर्षी असते." खरे आहे. पण नुसत्या उन्हाने रान पेटत नाही. तिथे उन्हाबरोबर वारा होता. तो उत्तरेकडून, देशाच्या मधल्या वाळवंटी भागातून येत होता. भट्टीचे दार उघडावे तसा तो वारा. आणि त्या वाऱ्यापुढे होते निलगिरीचे रान.

निलगिरीचे झाड तुम्हाला माहीत आहे. रस्त्याच्या कडेला, माळावर, बांधावर आपण ते पाहतो. सर्दी झाली की निलगिरीचे तेल रुमालावर टाकून हुंगतो. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. तिथूनच ते आपल्याकडे आले. त्याच्या पानात तेल असते, हे ध्यानात ठेवा. तेलाचे पान वाळले की काय होईल ते सांगायला नको. शिवाय या झाडांच्या काही जातींची साल लांब लांब पट्ट्यांनी सुटते आणि फांद्यांवरून लोंबत राहते. खाली पाचोळा पेटला, की आग त्या पट्ट्यांना धरून वर चढते. मग वारा जळती साल उचलतो आणि दूर नेऊन टाकतो. दहा-दहा किलोमीटर पुढे, कधी त्याहूनही लांब. जिथे पडते तिथे नवी आग. म्हणजे आग मागून येत आहे असे समजून माणूस पुढे पळतो, तर पुढेही आगच.

व्हिक्टोरियाच्या डोंगरांत निलगिरीची एक जात आहे. तिला तिकडे 'माउंटन अ‍ॅश' म्हणतात. ही झाडे तीनशे फुटांपर्यंत वाढतात. आपल्याकडचा सर्वांत उंच माड तीन-चार वेळा एकावर एक ठेवावा, एवढी उंची. या झाडांचे लाकूड चांगले. त्यामुळे रानाच्या आत, अगदी मधोमध, लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या. आपण त्यांना सॉमिल म्हणतो. गिरणीभोवती कामगारांची घरे. घरे लाकडाची. आजूबाजूला भुशाचे ढीग आणि कापलेल्या फळ्यांच्या थप्प्या. लाकूड बाहेर नेण्यासाठी रानातून रूळ टाकलेले असत. ओढ्यांवरचे पूलही लाकडाचे. बायका, मुले, घोडे, कुत्री, सगळा संसार तिथेच. आत जायची वाट तीच आणि बाहेर यायची वाटही तीच.

रानाच्या कडेने शेतकरी होते. त्यांच्या बापजाद्यांनी झाडे तोडून, खोडे जाळून जमीन मोकळी केली होती. अजूनही ते थोडी थोडी जमीन मोकळी करीतच होते. तोडलेले वाळले, की काडी लावायची. याशिवाय गुरे राखणारे होते. ते उन्हाळ्यात गुरे घेऊन वर डोंगरात जात. थंडी पडायच्या आत खाली उतरत. उतरताना मागचे झुडूप-गवत पेटवून देत. का? तर पुढच्या खेपेला कोवळे गवत फुटावे म्हणून. सोने शोधणारेही होते. झाडोऱ्यात खडक दिसत नाही, म्हणून ते झाडोरा जाळीत. शिकारी होते, वाटसरू होते. ते चहा करीत, मांस भाजीत आणि पुढच्या मुक्कामाला जात. निखारे तिथेच.

यांतला एकही माणूस दुष्ट नव्हता. कोणाला गाव जाळायचे नव्हते. जो तो आपल्या कामापुरती काडी ओढीत होता. त्याच्या बापाने तेच केले होते आणि आजानेही तेच. त्यांना ती आग वाटतच नव्हती. ते एक काम होते, नांगरट असते तसे.

सरकारचे वन खाते होते. अवेळी आग लावू नये, असा त्याचा नियम होता. पण रान मोठे आणि शिपाई थोडे. शिवाय नियमामुळे एक उलटेच झाले. लोक चोरून आग लावू लागले. उघडपणे आग लावणारा माणूस तिच्याजवळ उभा राहतो. हाती ओले पोते घेऊन राखण करतो. चोरून लावणारा काडी ओढतो आणि पळतो. आगीला राखणदार राहत नाही.

डिसेंबर १९३८ पासूनच रानात ठिकठिकाणी आगी धुमसत होत्या. धूर रोज दिसत होता. लोकांना त्याची सवय झाली होती. काही आगी विझवल्या गेल्या. काही विझल्या असे समजून लोक घरी गेले. काहींकडे कोणी पाहिलेच नाही. मोठ्या झाडाचे खोड आत पेटले, की ते आठ-आठ दिवस आतल्या आत जळते. वरून राख दिसते, आत निखारा जिवंत असतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन वाढले, वारा सुटला आणि या आगी डोके वर काढू लागल्या. ८ तारखेला टूलांगी नावाच्या गावाजवळ वन खात्याचे दोन अधिकारी आगीत सापडून मेले. शुक्रवार यायला अजून पाच दिवस होते.

शुक्रवारी सकाळपासून वारा वाढत गेला. या आगी एकमेकींना मिळाल्या. इथली एक, तिथली एक, अशा कितीतरी. ओढे मिळून नदी होते, तसे झाले. मग तिला अडवणारे कोणी नव्हते. माणसांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, फावडी होती, ओल्या गोण्या होत्या आणि हिरव्या डहाळ्या होत्या. गवताची आग त्यांनी झोडपता येते. तीनशे फुटी झाडाच्या शेंड्यावरून पळणारी आग कशाने झोडपणार?

भर दुपारी अंधार झाला. सूर्य धुरात बुडाला. लोक कंदील घेऊन फिरत होते. रस्त्यांवर जळती झाडे आडवी पडली. गाड्या अडकल्या. तारा तुटल्या, म्हणून एका गावाची खबर दुसऱ्याला कळेना. आगीच्या आधी तिचा आवाज येई. बायकांनी मुलांना घेऊन नदीचा आणि ओढ्याचा आश्रय घेतला. जिथे कमरेएवढे पाणी होते तिथे त्या बसल्या. डोक्यावर ओल्या घोंगड्या घेतल्या. घोंगडी वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा डोक्यावर घ्यायची. असे तासन्‌तास. पुष्कळ जण असे वाचले.

आता गिरण्यांवर काय झाले ते सांगतो. इथे थोडे थांबून वाचा.

काही गिरण्यांवर मालकाने आधीच एक सोय करून ठेवली होती. टेकडीच्या पोटात लांब खड्डा खणायचा. वर जाड ओंडके आडवे टाकायचे. ओंडक्यांवर हात-दोन हात माती लोटायची. आत जायला एकच तोंड ठेवायचे आणि त्यावर घोंगडी टांगायची. आत पाण्याची पिंपे भरून ठेवायची. आग आली की सर्वांनी आत जायचे. एक-दोन धट्टीकट्टी माणसे तोंडाशी उभी राहायची आणि घोंगडीवर पाणी मारीत राहायची. घोंगडी वाळली तर पेटते. पेटली तर धूर आणि झळ आत येते. बाकीच्यांनी जमिनीला तोंड लावून पडायचे, कारण धूर वर राहतो आणि चांगली हवा खाली असते.

अशा खंदकांत बसून किती तरी माणसे जगली. बाहेर आली तेव्हा गिरणी नव्हती. घरे नव्हती. लोखंडी यंत्रे वाकून गेली होती. तबेल्यात बांधलेले घोडे जागच्या जागी मेले होते. पण माणसे होती.

काही खंदक नीट बांधलेले नव्हते. त्यांत माणसे गुदमरली. आणि पुष्कळ गिरण्यांवर खंदक नव्हताच. खंदक खणायला मजुरी लागते, दिवस मोडतात. काही मालकांना तो खर्च नको होता. काही म्हणत, खंदक म्हणजे जिवंतपणीचे थडगे, त्यात शिरण्यापेक्षा पळालेले बरे. वाद चालू राहिला आणि उन्हाळा आला. मॅटलॉक नावाच्या गावाजवळ रानात एक गिरणी होती. शुक्रवारी तिथे १६ माणसे होती. १५ मेली. एकच वाचला.

त्या उन्हाळ्यात व्हिक्टोरियात ७१ माणसे मेली. ६९ गिरण्या जळाल्या. नार्बेथाँग, नूजी, वुड्स पॉइंट अशी गावेच्या गावे गेली. नूजी गावात एक हॉटेल तेवढे उभे राहिले. शेते, कुंपणे, कुरणे, मेंढ्या, गुरे, गवताच्या गंज्या, हे वेगळेच. एकंदर जवळजवळ २० लाख हेक्टर जमिनीवरून आग फिरली. एकराच्या हिशोबाने सुमारे ५० लाख एकर. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. तो सगळा जिल्हा जळाला असता, तरी एवढी जमीन भरली नसती. राख वाऱ्याने समुद्रापार न्यूझीलंड देशात जाऊन पडली. मग पावसाच्या सरी आल्या आणि आगी विझत गेल्या.

आता लोक विचारू लागले. आग लागली कशी? कोणी लावली?

सरकारने चौकशीसाठी एक न्यायाधीश नेमला. त्यांचे नाव लेनर्ड स्ट्रेटन. ते शहरातल्या कोर्टातले. रानाशी त्यांचा धंद्याचा संबंध नव्हता, आणि ते बरेच झाले असे मला वाटते. ते मेलबर्नमध्ये खुर्चीवर बसून राहिले नाहीत. जळालेल्या मुलखात गेले. गिरणीचे मजूर, मालक, शेतकरी, गुराखी, वन खात्याचे अधिकारी, शहराला पाणी पुरवणाऱ्या मंडळाचे लोक, या सर्वांना त्यांनी समोर बसवून विचारले.

प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. शेतकरी म्हणाले, वन खाते रानातला पाचोळा वेळेवर जाळू देत नाही, म्हणून तो साठतो. वन खाते म्हणाले, शेतकरी आणि गुराखी चोरून आगी लावतात. पाणी पुरवणारे म्हणाले, रानात आग नकोच, कधीच नको. गुराखी म्हणाले, दर वर्षी सगळे जाळून टाकले असते तर हे झालेच नसते. वन खात्याचे साधे नोकर बोलायला भीत होते. खरे बोललो तर बढती जाईल, अशी भीती. न्यायाधीशांनी पुढे आपल्या अहवालात लिहून ठेवले, की खरे शोधून काढणे फार अवघड गेले.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

नोकरीची पहिली वर्षे. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते. शिमगा होऊन गेला होता. दुपारच्या वेळी डोंगराचे गवत पेटले आणि वाऱ्याने आग खाली उतरली. आम्ही सगळे डहाळ्या घेऊन धावलो. गाव वाचले. पण कडेला एका म्हातारीच्या दोन गंज्या होत्या आणि गोठा होता. गंज्या गेल्या, गोठा गेला. दाव्याला बांधलेली गाय सोडवता आली नाही.

रात्री पारावर सगळे जमले. पाटील म्हणाले, "कोणी लावली ते बोला." एकाने बांधाचे गवत पेटवले होते. तो म्हणाला, "माझी कालच विझली." दुसऱ्याने राब भाजला होता. तो म्हणाला, "माझी विझलेली मी पाहिली." एकाने मधाच्या पोळ्याला धूर दिला होता. गुराख्यांच्या बिड्या होत्याच. सगळ्यांचीच विझलेली होती. शेवटी कोणी तरी म्हणाले, "देवाची करणी." आणि लोक उठले.

त्या दिवशी सकाळी शाळेच्या मागचा पाचोळा मी मुलांकडून गोळा करविला होता आणि पेटवला होता. वर दोन बादल्या पाणी टाकले होते. राखेत काठी घालून आत निखारा आहे का, ते मात्र पाहिले नव्हते. शाळा डोंगराच्या बाजूलाच होती. पारावर मी तोंड उघडले नाही. आग माझी होती की आणखी कोणाची, ते मला आजही सांगता येणार नाही. पण गुरुजींना कोणी विचारले नाही आणि गुरुजी गप्प बसले, एवढे खरे. म्हातारी दुसऱ्या दिवशी राखेतून गाईची घंटा शोधीत होती.

तर न्यायाधीश स्ट्रेटन यांनी काय ठरवले? 'देवाची करणी' हे उत्तर त्यांनी घेतले नाही. वीज पडूनही कधी कधी रान पेटते. पण या आगींपैकी बहुतेक आगी माणसांच्या हातांनी लागल्या होत्या. एका हाताने नव्हे. पुष्कळ हातांनी, पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ दिवस. म्हणून त्यांनी कोणा एका माणसाला गुन्हेगार ठरवले नाही. पण कोणाला मोकळेही सोडले नाही. वन खात्यालाही त्यांनी चार शब्द सुनावले आणि गिरणीमालकांनाही. लोकांबद्दल त्यांनी एक गोष्ट समजून घेऊन लिहिली. या मुलखात गोरे लोक येऊन शंभरेक वर्षेच झाली होती. एवढ्या काळात आपले रान किती भयंकर जळू शकते, हे पुरते कळण्याइतके ते तिथे राहिलेलेच नव्हते, असा त्या लिहिण्याचा भाव. म्हातारा म्हणतो, "माझ्या आयुष्यात असे कधी झाले नाही." पण रानाचे आयुष्य म्हाताऱ्याच्या आयुष्याहून मोठे असते.

त्यांचा अहवाल १९३९ सालीच आला. त्यात सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. आग लावायची तर ती थंडीच्या सुमारास, ओल असताना, ठरवून, माणसे उभी करून लावावी, म्हणजे पाचोळा साठत नाही. उन्हाळ्यात लावू नये. रानातल्या गिरण्यांवर खंदक असलाच पाहिजे. रानात पाण्याची सोय आणि वाटा हव्यात. आणि मोठ्यांना व मुलांना आगीबद्दल शिकवले पाहिजे. हे शेवटचे वाचून मला, मास्तर म्हणून, बरे वाटले. न्यायाधीशांनी कायदा सांगितला, दंड सांगितला, पण शाळाही सांगितली.

त्याच वर्षी नवा वन कायदा झाला. सरकारी जमिनीवरच्या आगीची जबाबदारी वन खात्यावर आली. डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. रानात रस्ते काढले. बिनतारी यंत्रे आली, म्हणजे धूर दिसताच खबर जाऊ लागली. गिरण्या हळूहळू रानातून उठून गावांत आल्या. जळून उभी राहिलेली झाडे तोडून त्यांचे लाकूड काढण्याचे काम पुढे सुमारे पंधरा वर्षे चालले होते.

शेते आणि गावे यांची जबाबदारी मात्र तशीच लोंबकळत राहिली. १९४३-४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा आगी लागल्या, पुन्हा माणसे मेली. पुन्हा चौकशी, पुन्हा तेच न्यायाधीश. मग १९४५ साली खेड्यांसाठी आग विझवणारी एक मोठी संस्था निघाली. तिचा कणा म्हणजे गावकरीच. शेतकरी, दुकानदार, मास्तर, असे हजारो लोक पगाराशिवाय काम करतात. आजही ही संस्था चालू आहे. फार ऊन आणि फार वारा असेल त्या दिवशी ती सर्वांना बंदी घालते. त्या दिवशी उघड्यावर आग पेटवायची नाही. शेतातली नाही, कचऱ्याचीही नाही. पेटवली तर दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो.

त्या उंच झाडांचे काय झाले, हेही सांगायला हवे. माउंटन अ‍ॅश मोठ्या आगीत मरते. पण मरता मरता ती आपले बी राखेत टाकते. राखेत आणि उघड्या उन्हात ते बी जोमाने रुजते. १९३९ नंतर त्या डोंगरांवर एका वयाची लाखो रोपे उठली. तिथे झाडाच्या ढोलीत राहणारा खारीएवढा एक प्राणी आहे. तो नाहीसा झाला असे सर्व समजत होते. १९६१ साली तो याच रानात पुन्हा दिसला. जुन्या जळक्या खोडांच्या ढोल्यांत तो राहत होता आणि भोवतालच्या नव्या झाडीत चरत होता. पण एक अडचण आहे. नवे झाड बी धरू लागायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्याआधी दुसरी आग आली, तर बी नाही आणि रानही नाही.

मग पुन्हा आग आली का? आली. ७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला, १९३९ पेक्षाही वर. मनोरे होते, विमाने होती, रेडिओ होता, कायदे होते. तरी त्या आगींत १७३ माणसे मेली. मेरीसव्हिल नावाचे गाव जवळजवळ सगळे गेले. सर्वांत घातक ठरलेली आग विजेची जुनी तार तुटून लागली होती, असे चौकशीत निघाले.

नार्बेथाँग हे नाव तुम्ही वर वाचले आहे. १९३९ साली जळाले ते गाव. २००९ साली ते पुन्हा जळाले. गावाचे सभागृहही गेले. लोकांनी ते त्याच गावात परत बांधले. या वेळी त्याच्या बाहेरून काशाची बारीक जाळी बसवली आहे. जळती साल उडत आली, तर ठिणगी त्या जाळीवरच अडावी, आत जाऊ नये, म्हणून.